आपल्याच पावलात पाऊल

४ डिसेंबर १९७८, सोमवार

पोचलो एकदाचे. शेवटच्या टप्प्यात रस्ता म्हणावं असं काही नव्हतंच. पिकअप दोनदा चिखलात रुतली आणि दोन्ही वेळा माझ्या भावाने, लमारने, उतरून ढकलली, कारण थोरल्याने चाक धरायचं आणि धाकट्याने चिखल खायचा हा आमच्या घरचा कायदा आहे. गुडघ्यापर्यंत बरबटून, मला शिव्या घालत, हसत हसत तो परत आत बसला. बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, फेब्रुवारीत बाप होणार आहे, पण घरची, आयडाहोची हद्द ओलांडली की पोर होतो.

घळीच्या तोंडाशी मायतेचं दुकान आहे. पेट्रोल, पीठ, काडतुसं, टपाल, सगळं तीच बघते. साठीची बाई, स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांतली, आवाज असा की ऐकून मेंढ्या आपोआप वळाव्यात. तिने आम्हाला बसवून मेंढीचा रस्सा वाढला आणि निघताना भलामोठा गोल पाव काखेत दिला. आम्ही डेल्मरच्या जागेत राहणार हे कळल्यावर मात्र तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, सापळ्यांची ओळ चांगली आहे, रानमांजरं, म्हणजे बॉबकॅट, भरपूर आहेत, फक्त पाय टाकताना बघत जा. डेल्मर म्हणजे ही ओळ ज्याची होती तो म्हातारा. दोन हिवाळ्यांपूर्वी घळीत गेला तो परतला नाही. कड्यावरून पडला असेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. त्याच्या पुतण्याने केबिन आम्हाला मोसमापुरती दिली.

केबिन झकास आहे. छप्पर गळत नाही, धुराडं मोकळं आहे, शेगडीशेजारी लाकूड रचून ठेवलेलं. मागच्या खोपटात डेल्मरचे सापळे तारेवर ओळीने टांगलेले, तेल लावून. म्हातारा टापटिपीचा होता. कातडी ताणायच्या फळ्याही आहेत, बॉबकॅटसाठी अरुंद, लांडग्यासारख्या कायोटीसाठी लांब. भिंतीला टेकून दोन फळ्या मात्र वेगळ्याच. माणसाहून उंच, खांद्याशी रुंद, वर निमुळत्या. अस्वलासाठी असतील म्हणावं, तर अस्वलाचं कातडं कुणी फळीवर चढवत नाही, ते उघडं पसरतात. लमार एकीला पाठ लावून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ही माझ्या मापाची, म्हाताऱ्या. दुसरी तुझी." पोट दुखेपर्यंत हसलो.

आयलीनला, म्हणजे लमारच्या बायकोला, निघताना शब्द दिलाय की माणूस जसा नेतोय तसा परत आणीन. ती म्हणाली होती, थोडा शहाणा करून आणलात तरी चालेल.

६ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस नुसती तयारी. सापळे ज्युनिपरच्या झाडाच्या उग्र पाल्यात उकळले, मेणात बुडवले, म्हणजे लोखंडाचा वास जातो. लमारने उघड्या हाताने एक उचलला तेव्हा पुन्हा उकळायला लावला. तो म्हणाला, लग्नाआधी आयलीनच्या आईनेही त्याला इतकं धुतलं नव्हतं.

वरची ओळ कड्याकडेने जाते, ती बहुतेक मांजरांची. खालची ओढ्याच्या कोरड्या पात्राने, ती कायोटींची. मांजर डोळ्यांनी फसतं. फांदीला एखादं पीस टांगावं, वाऱ्यावर हललं की ते बघायला येणारच, पंजा लावायला येणारच. कायोटी नाकाने चालतो. नवी वस्तू दिसली की तो लांबून वळसा घालतो. त्याला फक्त आपल्या माणसांचा वास ओढून आणतो, नाहीतर जोडीदाराची हाक. लमार म्हणतो की आमच्या दोघांत तो मांजर आणि मी कायोटी. खोटं नाही. गावात नवी गाडी आली तर हा आधी टायरला लाथ मारून बघतो.

बर्फ पडलं आणि लमारने गाई हाकल्यासारखी सगळी वाट तुडवून ठेवली. मी तिथेच त्याला धरून वडिलांचा धडा दिला. सापळ्यांकडे जाताना एकदाच वाट पाडायची. त्यानंतर रोज आपल्याच पावलात पाऊल टाकायचं, जाताना आणि येताना. नवं पाऊल म्हणजे नवा वास. संध्याकाळपर्यंत त्याला ते जमेना, मग जमलं. चालताना आता कवायतीतल्या बगळ्यासारखा दिसतो.

९ डिसेंबर, शनिवार

पहिलं मांजर. मोठा नर, पोटावर पांढराशुभ्र, ठिपके शाईने काढल्यासारखे. मांजर सापळ्यात धडपड करून थकलं की बसून राहतं आणि आपल्याकडे सरळ बघतं. कायोटीचं उलट. माणूस जवळ आला की तो जमिनीला चिकटतो आणि मान वर करत नाही. मला लहानपणी वाटायचं तो लाजतो.

वडील जनावराजवळ जाताना हळू आवाजात म्हणायचे, "शांत हो. झालंच आता." मीही तसंच म्हणतो, मग काम उरकतो. जनावर खरोखर शांत होतं, निदान मला तसं वाटतं. लमार नेहमीप्रमाणे मागून विचारत होता की मी त्याला मारतोय की झोपवतोय. पण आज त्याने टोपी काढली होती, ते मी बघितलं.

तो शेगडीपाशी कातडं सोलताना शीळ घालत होता. आयुष्यात त्याला एकच चाल येते, तिच्यात तो एकाच ठिकाणी घसरतो, आणि विड्या ओढून ओढून मधेच दम घ्यायला थांबतो. पाळणा हलवतानाही हीच वाजवणार म्हणतो. बिचारं पोर.

१२ डिसेंबर, मंगळवार

खालच्या ओळीवर एक म्हातारा कायोटी माझी थट्टा करत होता. सापळा हलकेच उकरून उघडा पाडायचा, त्याच्यावर घाण करून जायचं. लमारला तो फार आवडला. म्हणाला, तुझ्या स्वयंपाकाबद्दल इतकं खरं मत अजून कुणी दिलं नव्हतं.

अशा शहाण्यासाठी दोन सापळे लागतात. एक मुद्दाम जरा कच्चा पुरायचा, त्याला सापडावा असा. दुसरा, खरा, उकरताना त्याचे मागचे पाय जिथे टेकतील तिथे. आज सकाळी सापडला. पहिला सापळा उकरलेला होता आणि तो मागच्या पायाने दुसऱ्यात अडकलेला. शहाण्याला त्याच्या शहाणपणातच धरायचं. लमारला दोनदा ऐकवलं.

एक विचित्र गोष्ट झाली. परत येताना वरच्या ओळीवर एका फांदीला दोऱ्याने चमचा टांगलेला दिसला, गरगर फिरत होता. लमार हात पुढे करून निघालाच होता, मी त्याची कॉलर धरली. आमच्या ओळीत कुणीतरी दुसरा सापळेवाला घुसलाय म्हणून माझं डोकं फिरलं. पण त्याची पावलं कुठेच नाहीत. आणि मांजरासाठी टांगायचं तर हातभर उंचीवर टांगतात. हा लमारच्या नाकासमोर होता.

चमचा आमचाच निघाला. मोजून ठेवायची सवय नाही, पण त्याच्या दांड्यावर लमारच्या दातांची खूण आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी बाहेर आलो तर सगळं पांढरं सपाट. पिकअपचं टपही ओळखू येत नव्हतं. फक्त आमची वाट तेवढी उघडी. एकेक पाऊल स्वच्छ, तळाशी दाबलेलं, जणू आत्ताच कुणी टाकलं असावं. बाकी कुठे ओरखडा नाही.

म्हणजे बर्फ थांबल्यावर कुणीतरी वरपासून दारापर्यंत आलं आणि गेलं, आमच्याच पावलात पाऊल टाकत. मी गुडघे टेकून पाहिलं. कडा कुठेही मोडलेली नाही. इतकं नीट मलाही जमत नाही.

लमारला मी वाऱ्याने झालं असेल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "वारा बूट घालून फिरतो का रे?" हसला नाही मात्र.

१६ डिसेंबर, शनिवार

मायतेकडे खाली जाऊन आलो. ती ऐकत होती आणि हातातला कप पुसतच राहिली. मग तिने सांगितलं की डेल्मरही शेवटी हेच बोलायचा, माझ्या पावलांत कुणीतरी चालतं म्हणून. तिने त्याला सांगितलं होतं, तसाच निघ. तो म्हणाला, सापळे काढतो आणि येतो.

तिने आम्हालाही तेच सांगितलं. इथूनच घरी जा, मागे काय राहिलंय ते राहू दे. लमारने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लावलेला सापळा सोडून जाता येत नाही. एखादं मुकं जनावर लोखंडात दिवसच्या दिवस भुकेने मरेल. आमच्या वडिलांनी न्यूमोनियात उठून सापळे काढले होते. मायते चिडली. तिच्या बास्क भाषेत काय बोलली कळलं नाही, पण आशीर्वाद नव्हता.

लमारही म्हणाला, आर्लो बरोबर बोलतोय. जन्मात पहिल्यांदा त्याने मला बरोबर ठरवलं. उद्या दोघांनी अर्धी अर्धी ओळ काढायची आणि दुपारनंतर निघायचं. तो पिकअप घेऊन खालची काढेल, मी चालत वरची. एकत्र गेलो तर दोन दिवस लागतील.

त्याला निघताना सांगायचं, नवी वाट तुडवू नकोस. त्याची ती खोड परत येते.

१७ डिसेंबर, रविवार

वरचे सगळे काढले. रिकामे होते. केबिनपाशी येऊन सामान बांधलं, कॉफी ठेवली. लमार नाही.

दोन वेळा कॉफी गरम केली. पिकअपचा आवाज येतोय असं वाटतं, येत नाही. रुतला असेल. ढकलायला मी नाही ना.

अंधार पडला. कंदील दारात टांगलाय.

१८ डिसेंबर, सोमवार

उजाडताच गेलो. पिकअप ओढ्यापाशी उभी आहे. किल्ली तिच्यात नाही, त्याच्या खिशात असेल. मागे त्याने काढलेले सापळे, नीट रचून. शेवटचे चार राहिले होते.

त्याच्या पावलांवरून गेलो. तो जुन्या पावलांतच चालला होता. एकही नवं पाऊल नाही. अगदी मी शिकवलं तसं.

मग पावलं संपली आणि गोल लागला.

सापळ्यात अडकलेलं जनावर साखळीच्या टोकापर्यंत फिरतं, ओढतं, उकरतं, झुडपं चावतं, आणि जमिनीवर गोल उमटतो. जन्मभर बघतोय. गोलावरून मी सांगू शकतो, मांजर होतं की कायोटी, किती वेळ होतं. हा गोल मोठा होता. सेजची झुडपं मुळापासून मोडलेली. खालची माती नखांनी ओढलेली. एक हातमोजा पडला होता.

गोलाच्या मधोमध जुनं पाऊल जिथे होतं तिथे खड्डा. सापळा त्या पावलाखाली पुरला होता. वर पाऊल पुन्हा तसंच्या तसं बनवून ठेवलं असणार. सापळा नाही. साखळी नाही. माझा भाऊ नाही. गोलाबाहेर ज्युनिपरच्या फांदीने जमीन झाडून सारखी केलेली, मी करतो तशी.

मी त्याला बगळा म्हणालो होतो. तो वेडावाकडा चालला असता तर वाचला असता. गाईसारखा तुडवत गेला असता तर.

नंतर, केबिनमध्ये

मायतेपर्यंत चालत एक अख्खा दिवस. माणसं घेऊन परत यायला दुसरा. तरी जायलाच हवं. सकाळी निघतो. जुन्या पावलांत पाऊल टाकणार नाही. कोऱ्या बर्फातून जाणार, पुढे काठी टोचत.

लाकडं आणायला खोपटात गेलो होतो.

उंच फळ्या दोन होत्या. आता एक आहे. दुसरीच्या जागी भिंतीवर धूळ नसलेला पट्टा.

मी परत आत आलो. लाकडं आणली नाहीत.

१९ डिसेंबर, मंगळवार

निघालो होतो. दार लावत होतो तेव्हा शीळ ऐकू आली.

वरच्या कड्याकडून. तीच चाल. घसरायचं तिथेच घसरली. मी पायरीवर बसून रडलो. जिवंत आहे. कुठेतरी पडलाय आणि मला बोलावतोय.

फळी नाही याचा अर्थ मला कळतो. मी मूर्ख नाही. पण शीळ आहे म्हणजे ओठ आहेत, ओठ आहेत म्हणजे लमार आहे. दुसरं काही मला मानताच येत नाही. आयलीनला काय सांगू, मला शीळ ऐकू येत होती आणि मी उलट्या दिशेने चालत गेलो?

एक गोष्ट आहे. ती मी लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल. तो मधे दम घ्यायला थांबत नाहीये. चाल संपते, पुन्हा सुरू होते. दम घेतच नाही.

थंडीने असेल.

बंदूक घेतली. काठी घेतली. पिशवीत दोरी, सापळ्याच्या स्प्रिंगा दाबायचे शिकंजे, पाव. वही खिशात, कारण इथे ठेवून गेलो तर कोण वाचणार.

वर जातोय.

तोच दिवस, दुपार

त्याची टोपी. फांदीला. माझ्या नाकासमोर. तंबाखूचा आणि त्याच्या केसांचा वास. ती काढायला पुढे झालो नाही. थांबलो. नीट बघितलं. खालचं बर्फ किंचित खोल होतं, हातभर लांब, कच्चं पुरलेलं. असल्या कामाला मी हसलो असतो.

मी त्याला सांगणार होतो, लमार, बघ, मी ओळखला. पिशवी, बंदूक बाजूला ठेवली. गुडघे टेकले. काठीने उकरला. जुना दातेरी सापळा, अस्वलाचा. दाबला, मिटला. इतकं बरं वाटलं. उठलो आणि एक पाऊल मागे —

शहाण्याला त्याच्या

तोच दिवस

डावा पाय, गुडघ्याखाली. दात हाडापर्यंत. स्प्रिंगा हाताने दबत नाहीत. शिकंजे लागतात, ते पिशवीत. पिशवी आणि बंदूक समोर दिसताहेत. साखळी तिथवर पोचत नाही. मोजून ठेवली आहे. मीही मोजूनच ठेवतो.

ओढून बघितलं. सगळीकडून बघितलं. माझ्याभोवती गोल झालाय. मी करायचा नाही ठरवलं होतं.

शीळ थांबली आहे.

हे सापळे लावणारा तो वाईट नसेल. मीही नव्हतो. लावलेला सापळा तो सोडून जाणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. आज नाही तर उद्या येईल. उपाशी ठेवणार नाही.

आयलीन, मी गेलो होतो त्याच्याकडे. उलट दिशेला नाही गेलो.

नंतर

उन्हं अजून आहेत. वाटेवर कुणीतरी येतंय. बर्फ वाजत नाही, कारण माझीच पावलं आहेत, दाबलेली. एकेका पावलात. माझ्याच

मांजरासारखं सरळ बघायचं ठरवलं होतं. लमारने बघितलं असेल, तो मांजर होता. मला जमत नाही. मान वर होत नाही. लाज नव्हती ती. मला आत्ता कळलं, ती लाज नव्हती —

अगदी जवळ. थांबलंय.

हळू आवाजात बोलतंय. लमारचा आवाज नाही. माझा आहे. शांत हो, म्हणतंय. झालंच आ